त्या निळ्या प्राण्याचं नाव

सर, आज नातीनं मोबाइल माझ्यापुढं धरला आणि विचारलं, "आजोबा, हे काय आहे?" पडद्यावर तोच होता. पाठीवर काट्यांची रांग, गळ्याखाली लोंबती कातडी आणि ऊन चढेल तसा खुलत जाणारा तो निळा रंग. कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावरचा, आपला इग्वाना. तिला उत्तर द्यायचं सोडून मी तुमच्या इंदापूरच्या स्वयंपाकघरात जाऊन बसलो.

नव्वद सालानंतरची कुठलीशी दुपार. तुम्ही निवृत्त झालायत, तरी शाळेच्या भित्तिपत्रकाचं विज्ञानाचं पान अजून तुमच्याकडंच आहे. मी बावड्याच्या शाळेत मराठी शिकवतो. कविता तोंडपाठ असणारा तुमचा जुना विद्यार्थी, म्हणून ह्या इग्वानाच्या चित्राखाली घालायला मराठी नाव शोधायचं काम माझ्याकडं. बाहेरून उसाच्या ट्रॉल्या चालल्यात. मी म्हणतो, "नीलघोरपड." तुम्ही मान हलवता. "न्हाय. घोरपड अंडी-उंदरं खाणारी, तिची जीभ सापावानी फाटलेली. ह्यो पानंफुलं खातोय. ह्याचं गोत आपल्या कुंपणावरच्या सरड्याशी हाय." एवढ्या देखण्या जिवाला सरडा म्हणायचं? मी हट्टाला पेटतो. तुम्ही हसता. "का रं? सरड्याची धाव कुंपणापर्यंत. ह्याचं कुंपण समुद्राचं, एवढंच." काकू भाकरी थापता थापता ओरडतात, "त्या पालीपायी कालवण गार झालं की! उठा आता दोघं!"

नाव ठरलं नाही. तुम्ही चित्राखालची जागा कोरीच ठेवलीत. म्हणालात, "चुकीचं नाव दिलं की पोरगं जन्मभर चुकतं." पुढं बारामतीच्या दवाखान्यात, खाटेवरून, तुम्ही माझ्याकडं बघून एवढंच विचारलंत, "मास्तर, गावलं का नाव?" गावलं नव्हतं. नंतर आपलं बोलणं झालं नाही.

आणि आता गंमत बघा. चित्राशेजारी तुम्ही लिहिलं होतंत, क्यूबातल्या इग्वानाची उपजात. तेव्हाची पुस्तकं तसंच सांगायची. तुम्ही गेल्यावर शास्त्रज्ञांनी ती वेगळी, स्वतंत्र जात ठरवली. हे ऐकून तुम्ही कपाळाला हात लावला असता की मांडीवर थाप मारली असती, मला ठरवता येत नाही. तुम्ही चुकलात असं म्हणवत नाही आणि बरोबर होतात असंही म्हणता येत नाही. तो बिचारा तेव्हाही खडकावर ऊन खात पडला होता, आताही पडलाय. मग चुकीचं नाव द्यायला मी इतकी वर्षं नक्की कशाला भ्यालो? की कोरी जागाच खरी होती? डोकं चालत नाही, सर.

हे पत्र पेटीत टाकणार नाही. टाकलं आणि पोचलंच, तर तुम्ही लाल शाई घेऊन बसाल. नात बोट पडद्यावर ठेवून थांबली होती. मी तिला "निळी घोरपड" म्हणून सांगितलं. तिला ते फार आवडलं.