जावईबापूंचं बोर्ड

रविवार, ९ मार्च

चि. ठिणगीस, आशीर्वाद.

आई बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण जिना चढू नकोस म्हटलं की मुद्दाम चढते. बाबा पेपर वाचता वाचता झोपतात आणि जागाच होतो म्हणतात. मी मजेत.

पाण्याची टाकी भरली की वाजणाऱ्या अलार्मसाठी आणखी एक वायरलेस बोर्ड कोणतं घ्यावं, असं तू विचारलंस. स्वस्त, पण टिकाऊ. ऐक. ज्यावर यूएसबीची जागा आहे आणि वाय-फाय, ब्लूटूथ दोन्ही आहे, तेच घे. थोडं महाग पडेल, पण डोक्याला ताप नाही. केबल डेटाची घे. नुसत्या चार्जिंगच्या केबलने बोर्डचा दिवा लागतो आणि कॉम्प्युटरला पत्ताच नसतो, मग माणूस बोर्डला शिव्या घालत बसतो. गच्चीवर बॅटरीवर ठेवणार असाल तर मधल्या वेळात त्याला झोपवा, वाय-फाय बॅटरी फस्त करतं.

"असाल", "झोपवा". बघ, तुम्ही दोघं म्हणून लिहायची सवय लागली मला.

जावईबापूंचं कौतुक वाचलं. पानोपानी. सेन्सर असा लावला, कोड तसा लिहिला. लग्नाआधी त्यांना रिमोटचे सेल उलटे घालताना मी या डोळ्यांनी पाहिलंय. असो. माणूस चांगला आहे. चांगलाच आहे, हीच तर पंचाईत आहे.

पहिलं बोर्ड मीच सुचवलं होतं, ते चिमुकलं, सगळ्यात स्वस्त. त्याला यूएसबी नाही, प्रोग्रॅम भरायला वेगळा अडॅप्टर लागतो आणि नवखा माणूस त्यात हटकून अडकतो, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणूनच सुचवलं. ते अडकतील, तू वैतागशील आणि पूर्वीसारखी "दादा, हे चालत का नाही रे?" म्हणून फोन करशील. आठवडाभर मी फोन उशाशी घेऊन झोपलो. आला तो फोटो. बोर्डचा निळा दिवा लागलेला, तुम्ही दोघं डोक्याला डोकं लावून बसलेले. खाली तू लिहिलंस, "यानं एकट्यानं जमवलं!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "शाब्बास" एवढा एकच शब्द टाइप करून पाठवला.

हा अलार्म आपण करणार होतो, ठिणगे. आपल्या टाकीचा. तू तो तिकडे केलास, दुसऱ्या टाकीवर, दुसऱ्याबरोबर. तेही तुझंच घर आहे. कळतं मला. कळतं, पण पचत नाही.

इथली टाकी अजून भरून वाहते. बाबा रोज ओरडतात, "एवढी बोर्डं घरात पडलीयेत, एक अलार्म लावता येत नाही तुला?" येतो की. एका दुपारचं काम आहे. मी लावणार नाही.

सुट्टीला येशील तेव्हा लावू. जावईबापूंनाही आण. त्यांना सावलीत खुर्ची टाकून देईन, चहा देईन, मागतील ते देईन. सोल्डरिंगला मात्र तू आणि मीच.

तोवर रोज पाणी वाया घालवणारा,
तुझा दादा