शिडी धरणे हे काम समजण्याबाबत

दि. १९ जून

प्रति,
मा. मुख्य सुरक्षा अधिकारी,
मुख्य कार्यालय, तळमजला.

मार्फत : उद्यान पर्यवेक्षक

विषय : कुंपणाच्या छाटणीवेळी शिडी धरून उभे राहणे हे रिकामे उभे राहणे न समजता काम समजण्याबाबत व शिडी धरणारा सहकारी परत मिळण्याबाबत.

संदर्भ : १) सुरक्षा पुस्तिका, नियम ७ (शिडीवरील कामास दोन माणसे असावीत).
२) सहकाऱ्यास देण्यात आलेले ज्ञापन.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार हा आपल्या कार्यालयाच्या आवारात एकोणीस वर्षे कुंपणाची छाटणी करीत आहे. मागील बाजूचे कुंपण अकरा फूट उंच आहे. ते तेवढेच ठेवावे असा जुना आदेश आहे, कारण त्यामागे साहेब लोकांची जेवणाची खोली आहे. छाटणीचे यंत्र पेट्रोलवर चालते, त्याला दोन्ही बाजूंनी दाते आहेत आणि ते दोन्ही हातांनी धरावे लागते. शिडी धरण्यासाठी तिसरा हात खात्याने अद्याप पुरवलेला नाही. ती उणीव अकरा वर्षे अर्जदाराचे एक सहकारी भरून काढीत होते. त्यांना सगळे काका म्हणतात.

काका काय करीत, हे लांबून दिसत नाही. ते एक पाय शिडीच्या खालच्या पायरीवर ठेवून उभे राहत व वर बघत. अर्जदाराच्या कानावर आवाज अडवणारे झाकण असल्याने हाक ऐकू येत नाही, म्हणून ते शिडीवर बुक्की मारीत. एक बुक्की म्हणजे थांब, दोन म्हणजे खाली ये. या दोन खुणांवर अकरा वर्षांत एकही अपघात झाला नाही. त्याची नोंद कोठेही नाही, कारण न झालेल्या अपघाताचा रकाना नोंदवहीत नाही.

गेल्या मार्च महिन्यात नवीन पर्यवेक्षकसाहेब रुजू झाले. त्यांच्या खिडकीतून कुंपण दिसते. तीन दिवस पाहून त्यांनी काकांना ज्ञापन दिले की, "सदर कर्मचारी कामाच्या वेळेत शिडीला टेकून उभा असल्याचे आढळले." काकांनी लेखी खुलासा दिला : "मी शिडीला टेकलो नव्हतो. शिडी मला टेकली होती." खुलासा उद्धट ठरवून फेटाळण्यात आला. काका उद्धट नाहीत. ते थोडक्यात लिहितात, एवढेच. त्यांची बदली आवक-जावक टेबलावर झाली.

त्यांच्या जागी वाळूची दोन पोती मंजूर झाली. शिडीच्या प्रत्येक पायाशी एकेक. पोत्यांविषयी अर्जदाराची वैयक्तिक तक्रार नाही. ती वेळेवर हजर असत व रजाही मागत नसत. परंतु दि. २ जून रोजी सकाळी पाण्याचा नळ उघडा राहिल्याने माती भिजली होती, हे काकांनी पाहिले असते. पोत्यांनी पाहिले नाही. शिडीचा डावा पाय रुतला आणि अर्जदार यंत्रासह कुंपणात कमरेपर्यंत गेला. बोट सुटताच यंत्र आपोआप बंद पडले, म्हणून हा अर्ज अर्जदार स्वतः लिहू शकत आहे. डावे मनगट मुरगळले. बाहेर काढायला कॅन्टीनवाले दोघे आले, पण आधी कुठल्या पायाला धरून ओढायचे यावर त्यांचा बराच वाद झाला.

अर्जदाराच्या पत्नीने घरी सर्व हकीकत ऐकून घेतली. ती म्हणाली, "खाली दोन पोती ठेवलीत आणि तिसरं वर चढवलंय." हे उद्गार कार्यालयीन नसले तरी वस्तुस्थितीस धरून असल्याने येथे नमूद केले आहेत. दुसरा माणूस असल्याशिवाय शिडीवर चढणार नाही, असे तिने अर्जदाराकडून वदवून घेतले. आठ दिवसांनी कामावर आल्यावर अर्जदाराने तसे नम्रपणे कळवले.

यावर पर्यवेक्षकसाहेब म्हणाले, "त्यात काय एवढं? चढ, मी धरतो पाच मिनिटं."

अर्जदार चढला. साहेबांना मान वर करायची सवय नव्हती, त्यामुळे पहिल्या फांदीची सगळी पाने त्यांच्या कॉलरमध्ये गेली. खिशातला फोन वाजला, तो त्यांनी वाजू दिला, कारण हात सोडावा तर शिडी हलत होती. मग फोन पुन्हा वाजला. पायावर लाल मुंग्या चढल्या. "झालं का?" असे ते सारखे विचारीत होते, हे अर्जदारास नंतर कॅन्टीनवाल्यांकडून समजले. पाच मिनिटांची चाळीस झाली. अर्जदाराने मुद्दाम वेळ लावला, असा एक समज पसरला आहे. तो पूर्णपणे खरा नाही.

नंतर जे घडले त्यासाठी हा अर्ज आहे. फाटकावरच्या दिव्याची वायर कुणीतरी कुंपणातूनच ओढून नेली होती. पाने वाढून ती झाकली गेली होती. वरून ती दिसत नव्हती. खालून, वर टक लावून पाहणाऱ्यालाच दिसली असती. ती साहेबांना दिसली व ते ओरडले. अर्जदारास ऐकू गेले नाही. खुणा साहेबांना कुणी शिकवल्या नव्हत्या. जिवाच्या आकांताने त्यांनी शिडीवर बुक्की मारली. अर्जदाराचे बोट सवयीने सुटले. दाते वायरपासून चार बोटांवर थांबले होते. शिडी अॅल्युमिनियमची आहे.

अर्जदार खाली उतरला तेव्हा साहेब वाळूच्या पोत्यावर बसले होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. अर्जदारही दुसऱ्या पोत्यावर बसला. मग साहेब म्हणाले, "तो माणूस रोज हे करायचा?" अर्जदार म्हणाला, "रोज." साहेबांनी कॉलरमधली पाने काढायला सुरुवात केली.

शिडी त्या दिवशी जेवणाच्या खोलीच्या बाजूने लावली होती व याच सुमारास त्या खोलीच्या खिडकीत उपसंचालकसाहेब उभे होते. दुसऱ्या दिवशी पर्यवेक्षकसाहेबांना ज्ञापन मिळाले. त्यात कामाच्या वेळेत शिडीशी उभे राहणे व त्यानंतर पोत्यावर बसणे, असे दोन स्वतंत्र ठपके आहेत.

सबब विनंती की, शिडी धरणे हे काम म्हणून नोंदवावे. कुंपणातील वायर काढून घ्यावी. पर्यवेक्षकसाहेबांचे ज्ञापन मागे घ्यावे, याबाबत अर्जदार साक्ष देण्यास तयार आहे. पहिल्याच दिवशी इतकी मनापासून शिडी धरणारा अधिकारी त्याने पाहिलेला नाही. आणि काकांना परत पाठवावे.

शेवटची बाब अशी. कार्यालयीन भाषा तपासून घेण्यासाठी अर्जदाराने हा मसुदा आवक-जावक टेबलावर काकांना दाखवला. वायरीचा परिच्छेद त्यांनी दोनदा वाचला. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "सोमवारी येतो मी." आदेश निघालेला नाही, पुन्हा ज्ञापन मिळेल, असे अर्जदाराने त्यांच्या लक्षात आणून दिले. "मिळू दे," असे म्हणून त्यांनी मसुद्यातील तीन ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले.

तरी सोमवारी सकाळी आठच्या आत आदेश निघाल्यास काका नियमानुसार येतील. न निघाल्यास नियमाबाहेर येतील. परंतु येतील.

आपला नम्र व तूर्त जमिनीवर असलेला,

(सही)
छाटणी कामगार, उद्यान विभाग

सोबत : १) मनगटाबाबत डॉक्टरांचा दाखला. २) काकांच्या खुलाशाची प्रत (दोनच ओळी आहेत, त्या वाचाव्यात). ३) वायरीचा फोटो, पर्यवेक्षकसाहेबांनी स्वतः काढलेला, हात हलल्याने किंचित अस्पष्ट.