पुष्पाकडे कडू घास घेऊन जातोय

आकांक्षा,

मी सकाळच्या गाडीनं केदारखेड्याला माझ्या बहिणीकडे, पुष्पाकडे जातोय. दाजींची माती होऊन आज तिसरा दिवस, पण तिनं अजून अन्नाला हात लावलेला नाही. सुतकाच्या घरात कडू घास माहेरानं न्यायचा असतो. तुझी सासू असती तर तिनं नेला असता. एकाच वर्षात ती गेली, मागोमाग माझा धाकटा भाऊ गेला. आता पुष्पाचं माहेर म्हणजे मी आणि तू.

तू काल दवाखान्यातल्या ड्युटीवरून दमून आलीस, म्हणून उठवलं नाही. भाकरी मीच थापल्या. सहातल्या दोन मोडल्या, त्या तुला टोपलीत झाकून ठेवल्यात. पिठल्यात मीठ जरा जास्त पडलंय.

तुझी सासू गेली तेव्हा मी ताटाकडे पाठ करून बसलो होतो. तू समोर बसून म्हणालीस, "मामा, तुम्ही न्हाई जेवले तं मी बी न्हाई. अन् मला भूक लई लागते, सांगून ठेवते." मला हसू आलं आणि घास खाली उतरला. हे मी तुला कधी बोललो नाही. तोंडानं जमत नाही. अक्षरं तूच शिकवलीस, म्हणून लिहून सांगतो. पोरी, तू मला जगवलंस.

आज मी पुष्पापुढं तसाच उपाशी बसणार आहे. ती जेवली की फोन करतो. फोन आला नाही तर समज, आम्ही दोघं अजून बसलेलोच आहोत. तू मात्र वाट न पाहता जेवून घे.

मामा