बनावट कार्डांची टोळी आणि मी

९ सप्टेंबर
उद्यापासून दुकानात ऑफर. तीन हजारांच्या वर खरेदी केली की एक गिफ्ट कार्ड फुकट. ते वापरायचं मात्र पुढच्या महिन्यात, पाच तारखेपासून. आज आम्हा कॅशियर लोकांना त्याचं ट्रेनिंग दिलं. पूर्ण एक तास! मी वर टांगलेल्या पंख्यांची पाती मोजली. पाच पात्यांचा पंखा तीन पात्यांपेक्षा खरंच जास्त वारा देतो का, यावर कोणीतरी अभ्यास करायला हवा. कदाचित मीच करीन.
निश्चय: १५ ऑक्टोबरला या दुकानात कायम व्हायचं. ही माझी सहावी नोकरी. ताईने स्पष्ट सांगितलंय की ही टिकली तर मागची खोली तुझी, ही सुटली तर खोलीही सुटली. हे ती बोलत होती तेव्हा भावोजी पेपर वाचत होते, पण पान काही उलटत नव्हतं.

१० सप्टेंबर
माझा काउंटर सहा नंबर. बिल, कार्ड, स्माइल, पुढचा!
शेजारी पाच नंबरला काकू. वीस वर्षं कॅशवर आहेत आणि तसंच दिसतं. कार्ड मशीनखाली धरणार, बटण दाबणार, स्क्रीनवर ते गोल गोल फिरतं त्याकडे बघत बसणार. हिरवी खूण आली की चिठ्ठी निघते, ती कार्डाला स्टेपल करणार. मग गिऱ्हाइकाला कार्डामागचे नियम वाचून दाखवणार. एका कार्डाला दीड मिनिट. तेवढ्यात माझी दोन गिऱ्हाइकं दाराबाहेर.
काकूंनी मला विचारलं की राजा, कार्डं जागी करतोयस ना? मी म्हटलं, काकू, माझ्या काउंटरवर कोणालाच झोप येत नाही. त्या हसल्या नाहीत. ह्यूमर कमी आहे.

१२ सप्टेंबर
ते बटण एकदा दाबून पाहिलं. गोल फिरत राहिलं. रांगेत अकरा माणसं, त्यातल्या एकाच्या डोक्यावर गादी. गादीवाला माझ्याकडे असा बघत होता की मी बटण सोडून दिलं.
नंतर शांतपणे विचार केला. एवढं मोठं दुकान, एवढे कॉम्प्युटर, आणि कार्ड चालू करायला माणसाने बटण दाबायचं? शक्यच नाही. बिल झालं की कार्ड आपोआप चालू होत असणार. बटण नवशिक्यांसाठी आहे.
उद्यापासून पहाटे पळायला जायचं.

१३ सप्टेंबर
पळायला गेलो नाही. बुटाची नाडी.

१७ सप्टेंबर
आमचे सुपरवायझर दिवसभर मनगटावर बघत असतात म्हणून मी त्यांना घड्याळसाहेब म्हणतो. (मनात.) आज ते माझ्यामागे उभे राहून वेळ लावत होते. म्हणाले, भले! मग काकूंकडे वळून म्हणाले की बाई, जरा शिका या पोराकडून. काकू म्हणाल्या, साहेब, घोडा पळतोय खरा, पण मागे गाडी जुंपलीय का तेवढी बघून घ्या. घड्याळसाहेब म्हणाले की इथे म्हणी नकोत, रांग हलवा.
मी काकूंना डब्यातला अर्धा लाडू देऊ केला. मन मोठं असावं. त्यांनी घेतला.

२१ सप्टेंबर
ताई आणि भावोजी आले. मिक्सर, दोन चादरी. बिल माझ्याच काउंटरवर केलं. कार्ड मी दोन्ही हातांनी दिलं, जसं काही बक्षीस समारंभात देतोय. ताईच्या चेहऱ्यावर बऱ्याच वर्षांनी माझ्याविषयी काहीतरी चांगलं दिसलं. ती म्हणाली, हे सासूबाईंना देईन, त्यांना स्वतःच्या हाताने काहीतरी घेऊ दे.

३० सप्टेंबर
ऑफर संपली. मी सगळ्यात जास्त कार्डं वाटली, एकशे सत्याऐंशी. ‘महिन्याचा वेगवान काउंटर’ म्हणून माझा फोटो दाराशी लावलाय. फोटोत डोळे मिटलेले आहेत, पण त्यामुळे चिंतन करतोय असं वाटतं.
पुस्तक लिहायचं ठरवलं. नाव: ‘रांग आणि माणूस’. वही आणली. पहिल्या पानावर नाव लिहिलं. दुसऱ्या पानावर फोटो कसा हवा ते.

५ ऑक्टोबर
कार्डं परत यायला लागली. आणि धक्का! माझ्या काउंटरवर दुपारपर्यंत चार कार्डं स्क्रीनने नाकारली. लाल अक्षरात, ‘कार्ड चालू नाही’. चौघेही अगदी साळसूद चेहऱ्याचे. एक तर म्हणाला, अहो तुम्हीच तर दिलंत! किती हा निर्ढावलेपणा.
काकूंची कार्डं मात्र धडाधड चालतायत. म्हणजे मशीन ठीक आहे. म्हणजे कार्डं बनावट आहेत.
शहरात टोळी आहे.

६ ऑक्टोबर
आणखी नऊ. एक मोठा शोध लावला: बनावट कार्डांना चिठ्ठी स्टेपल केलेली नसते! एकालाही नाही! टोळीने कार्ड छापलं, पण चिठ्ठीची नक्कल त्यांना जमली नाही. गुन्हेगार कुठेतरी चूक करतोच.
घड्याळसाहेबांना सांगितलं. ते घाईत होते. म्हणाले, तूच बघ काय ते. म्हणजे तपास अधिकृतपणे माझ्याकडे आला. पुस्तकाच्या वहीत तिसऱ्या पानापासून ‘संशयित’ असा मथळा टाकला. नाव, पत्ता, वर्णन. कार्ड जप्त.

७ ऑक्टोबर
आज एक चष्मेवाल्या बाई. साठीच्या. सांगत होत्या की त्या शाळेत शिकवायच्या. टोळ्या अशाच सभ्य माणसांना पुढे करतात. त्यांनी नातीसाठी दप्तर निवडलं होतं. मी सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं विचारलं की बाई, हे कार्ड कुठून आणलंत ते खरं सांगा, मग आपण मिटवू. त्यांचे कान लाल झाले. पत्ता लिहून दिला, अक्षर फार सुंदर, आणि दप्तर काउंटरवर ठेवून गेल्या.
काकूंनी सगळ्यांदेखत मला म्हटलं की मेल्या, आधी स्वतःचं मशीन बघ. काकूंचंही नाव वहीत पेन्सिलने लिहून ठेवलंय. फक्त शक्यता म्हणून.

८ ऑक्टोबर
लिहायला हात धजत नाही. आज ताईच्या सासूबाई आल्या. हातात एक सुंदर निळी चादर आणि कार्ड. चिठ्ठी नाही. लाल अक्षरं.
मी हळूच म्हटलं की मावशी, तुम्ही आत्ता जा, मी बघतो. वहीत नाव लिहिलं नाही. घरचं माणूस आहे. कर्तव्य आणि नातं यांत मी नातं निवडलं.
संध्याकाळी भावोजींना बाजूला घेऊन समजावलं की आईंकडे जरा लक्ष द्या, म्हातारपणी माणूस कोणाच्याही नादी लागतं. भावोजींनी पेपर खाली ठेवला. मग ताईला हाक मारली. ताई म्हणाली, अरे गाढवा, ते कार्ड तू मला दिलंस, मी त्यांना दिलं. मध्ये कोण आलं?
बरोबर. म्हणजे ताईच्या पर्समधलं खरं कार्ड कोणीतरी बदललं. टोळी घरापर्यंत पोचलीय. ताईला बसमध्ये पर्स पोटाशी धरून बसायला सांगितलं. ती स्वयंपाकघरात गेली आणि भांडी जोरात घासायला लागली.

१० ऑक्टोबर
एकतीस संशयित. मी थेट हेड ऑफिसला पत्र पाठवलं. चार पानी. शेवटी लिहिलं की प्रकरण दडपलं जाऊ नये, जबाबदार व्यक्तीचा शोध लागेपर्यंत थांबू नये.

१३ ऑक्टोबर
हेड ऑफिसने पत्राची दखल घेतली! उद्या एक साहेब लॅपटॉप घेऊन येणार. शर्टाला इस्त्री केली. परवा कायम होणार, तेही टोळी पकडून. घड्याळसाहेबांच्या जागेसाठी मी लहान आहे का? नाही.

१४ ऑक्टोबर
साहेबांनी एकतीस कार्डांचे नंबर लॅपटॉपवर टाकले. दहा मिनिटं लागली. म्हणाले की ही कार्डं आपलीच आहेत, खरी आहेत, फक्त कोणी चालू केलेली नाहीत. सगळी एकाच गठ्ठ्यातली. तो गठ्ठा सहा नंबरला दिला होता. सहा नंबरला कोण बसतं?
मी हात वर केला. हे लिहितानाही कळत नाही, इतक्या जोरात का केला.
मग साहेब म्हणाले की गठ्ठ्यातली एकशे सत्याऐंशी वाटली गेली, चालू झालेली शून्य. घड्याळसाहेबांनी पहिल्यांदाच घड्याळाकडे न बघता माझ्याकडे बघितलं. काकू पुढच्या गिऱ्हाइकाचं बिल करायला लागल्या. एखादी म्हण टाकली असती तर बरं झालं असतं.

१५ ऑक्टोबर
कायम नाही. उद्यापासून येऊ नकोस.
तांत्रिकदृष्ट्या बघितलं तर बटण फारच लहान आहे.
ताई ओरडली नाही. शांतपणे वही मागितली, ‘संशयित’चं पान वाचलं, सगळं, वर्णनांसकट. मग माझ्याबरोबर दुकानात आली. दुकान त्या एकतीस जणांना नवीन कार्डं कुरिअरने पाठवणार होतं. ताई म्हणाली, कुरिअर नको, हा जाईल. काकूंनी एकतीस कार्डं एकेक करून जागी केली, चिठ्ठ्या लावल्या. मी बाजूला उभा. प्रत्येकाला दीड मिनिट.
ताईची अट: प्रत्येकाच्या दारात जायचं, मी कोण आणि मी काय केलं ते आपल्या तोंडाने सांगायचं, कार्ड द्यायचं, वहीत सही घ्यायची. एकतीस सह्या आणल्यास तर खोली. तीस आणल्यास तर बॅग. सासूबाईंचं मी बघते, तू त्यांच्या समोरही येऊ नकोस.

१६ ऑक्टोबर
रोज आठ घरं, चार दिवसांत काम फत्ते. भाषण तयार केलं. सुरुवात: ‘चूक माणसाकडूनच होते, पण ती मान्य करायला मोठा माणूस लागतो.’ आरशासमोर तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा स्वतःलाच टाळ्या वाजवल्या. सगळ्यात अवघड घर आधी, म्हणजे चष्मेवाल्या बाई.

१६ ऑक्टोबर, संध्याकाळी
दुसरा मजला. दार त्यांच्या मिस्टरांनी उघडलं. माझ्या हातात वही आणि कार्ड बघून म्हणाले, त्या दुकानातून आलास का रे? ये, बस, पाणी घे. मग आवाज बारीक करून सांगू लागले की आमच्या हिला तिथल्या एका टवाळ पोराने भर रांगेत चोर ठरवलं. चाळीस वर्षं मुलांना शिकवलेली बाई. त्या दिवसापासून कुठल्याच दुकानात जात नाही, भाजीसुद्धा मलाच आणायला लावते. नातीने दप्तराचं विचारलं तर म्हणाली, विसरले.
मग मला म्हणाले, तू चांगल्या घरचा दिसतोस, त्या पोराला ओळखतोस का?
भाषणाची पहिली ओळ आठवेना. मी म्हटलं, ओळखतो, काका. अगदी नालायक आहे. त्याला काढलं. काका म्हणाले, बरं झालं. मी पण म्हटलं, बरंच झालं. आम्ही दोघं त्याला बराच वेळ नावं ठेवत बसलो. मला तर काकांपेक्षा जास्त सुचत होतं.
मग आतून चप्पल वाजली. बाईंनी विचारलं, कोण आलंय हो?
मी उठलोच. कार्ड खिशात टाकलं आणि म्हणालो, काही नाही काका, पत्ता चुकला.