चिरुटांच्या कपाटाची वही

अण्णा, आज दुपारी मी तुमची वही वाचली आणि आता रात्री हे लिहायला बसले आहे. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. मी तेव्हा बारा वर्षांची होते. गेल्या साली बी. ए. झाले, आता इथल्याच मुलींच्या शाळेत शिकवते. आपल्या घरात पदवी घेणारी मी पहिली, म्हणून आई दारावर येणाऱ्या भाजीवालीलासुद्धा ते ऐकवते. हे सगळं तुम्हाला कधीतरी लिहावं असं मनात होतं, पण पहिलंच पत्र असं लिहावं लागेल हे ध्यानीमनी नव्हतं.

झालं असं की साहेबांच्या क्लबातून शिपाई चिठ्ठी घेऊन आला. तुम्ही जिथं चौदा वर्षं कोठीचे कारकून होतात, तोच क्लब. तुमच्या हातचं चिरुटांचं कपाट मागून वाळवीनं खाल्लं, म्हणून नवे सेक्रेटरी साहेब दुसरं करवून घेणार आहेत. ते कोणत्या लाकडाचं असावं, कुठल्या भिंतीला ठेवावं, यावर त्यांचा खल चालला असताना जुन्या कपाटाच्या खणातून तुमची वही निघाली, सगळी मोडीत. तुमच्या हाताखाली असलेले चाचा आता कोठी पाहतात, त्यांना ती वाचता येईना. त्यांनीच साहेबांना सांगितलं की कारकुनाची मुलगी बी. ए. आहे. मी आधी नाहीच म्हणाले. गेल्याच महिन्यात मी महिला मंडळात व्यसनांवर भाषण केलं होतं. मी कुठं चिरुटांची वही वाचायला जाऊ? पण आई म्हणाली, “जा की. बापाचं अक्षर हाय. परक्याच्या हाती कशाला?” मग गेले.

कोठीत अजून तसाच गारवा आहे. साहेब खुर्चीवर बसलेले, चाचा दाराशी उभे, आणि मी तुमचं एकेक वाक्य वाचून इंग्रजीत सांगते आहे. खरं सांगू? सुरुवातीला मला फार अभिमान वाटला. पहिल्या वर्षीची तुमची चूक तुम्ही जशीच्या तशी लिहून ठेवली आहे. इतकी महाग वस्तू, तिला लाकूडही तितकंच उंची हवं, म्हणून तुम्ही चंदनाची पेटी करवून घेतलीत. आपण देवाच्या मूर्ती ठेवतो ना, तशी. सहा महिन्यांनी पेटी उघडलीत, हुंगून पाहिलीत आणि लिहिलंत, ‘वास फारच उत्तम.’ त्याच संध्याकाळी तेव्हाच्या मोठ्या साहेबांनी एक चिरूट पेटवला आणि सगळ्यांसमोर विचारलं, “कारकून, मला देवळात बसवलंस काय?” हे वाचताना सेक्रेटरी साहेब इतके हसले की त्यांना खोकला आला. पुढं लिहिलं आहे की ज्या पेट्यांतून हे चिरूट समुद्र ओलांडून येतात, त्या रिकाम्या पेट्यांच्याच फळ्या सागवानी कपाटाला आतून जडवाव्यात, म्हणजे परका वास लागत नाही. त्यातलीच एक पेटी तुम्ही मला पेन्सिली ठेवायला आणली होतीत. आठवतं? तो वास मला तुमचाच वाटायचा.

ओल कशी राखावी हे तुम्ही शहराच्या पूर्वभागातल्या एका तेलुगू विणकराकडून शिकलात, हे मला आजच कळलं. आपल्याकडची हवा कोरडी, कोरड्या हवेत सूत तुटतं, म्हणून तो माग खड्ड्यात बसवायचा आणि भुईवर पाणी शिंपायचा. तुम्ही म्हणालात, सुताचं तेच तंबाखूच्या पानाचं. चैत्र-वैशाखात कपाटाच्या तळाशी ओल्या वाळूचं मडकं. श्रावणात ते काढून तिथं कोरड्या कोळशाची परडी. मधल्या फळीवर वाटीत खडेमीठ. मिठाला पाणी सुटलं की ओल फार झाली असं समजावं. चिरूट कानाशी धरून बोटांत फिरवावा, कुरकुरला तर तहानलेला आहे. साहेब भराभर टिपून घेत होते. म्हणाले, विलायतेच्या दुकानदारांनाही हे इतकं नेमकं सांगता येत नाही.

आणि मग ते पान आलं. मी आधी मनातल्या मनात वाचलं. ‘चंदनाचे प्रकरणावरून कळले की नाकावर भरवसा ठेवणे व्यर्थ. हुंगणे निराळे, ओढणे निराळे. ओढल्यावाचून कपाटाची परीक्षा नाही. सबंध चिरूट घेणे ही चोरी होय. करिता साहेब लोक ताटलीत टाकून जातात त्यांतील लांबसे थोटूक घेऊन पाहतो. एक वर्षाचा घशाला मिरीसारखा झोंबतो. दोन वर्षांचा बरा. तीन वर्षांचा भाजल्या खोबऱ्यासारखा. तीन वर्षांआधी काढू नये.’

अण्णा, ते मी पुन्हा एकदा वाचलं. तुम्ही? क्लबातून आल्यावर अंगणातच कपडे बदलून अंघोळ केल्याशिवाय उंबरा न ओलांडणारे तुम्ही? मी आठ वर्षांची असेन. कागदाची गुंडाळी तोंडात धरून मी साहेबाची नक्कल करत होते. तुम्ही ती माझ्या तोंडातून उपटलीत, आणि मला कोपऱ्यात उभं केलंत. “त्या वस्तूला आपला फक्त हात लागतो, तोंड नाही,” म्हणालात. मी रडते आहे, आई मधे पडते आहे आणि तुम्ही तिच्याकडे बघतही नाही आहात. तेच तोंड, अण्णा? आणि तेही दुसऱ्याच्या तोंडातलं थोटूक?

माझा चेहरा पाहून चाचांना कळलं असणार. ते दाराशीच हळू आवाजात म्हणाले, “वो पन्ना साब कू नक्को सुना, बेटी.” साहेबांना वाटलं, अक्षर लागत नाही. मी त्या पानावरचं शेवटचं वाक्य तेवढं सांगितलं, तीन वर्षांआधी काढू नये, आणि पान उलटलं. पण साहेब चांगला कान देऊन ऐकणारे. त्यांनी विचारलं, तीनच वर्षं ठेवायचे, दोन नाही, हे तुमच्या वडिलांना कसं कळलं? मी म्हणाले, “वासावरून.” स्वच्छ इंग्रजीत, मान वर करून खोटं बोलले. साहेब म्हणाले, काय विलक्षण नाक असेल! आणि इंग्रजी प्रत करायला वही रात्रीपुरती माझ्याकडे दिली. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. फाटकापर्यंत सोडायला आलेले चाचा म्हणाले, “मैंच उठा के रखता था उनके वास्ते, लंबा वाला. ओढताना आँख में पानी आता था उनके. खोकते, और लिखते. शौक नहीं था, बेटी. नोकरी थी.”

घरी आले तर आई भाकरी थापत होती. तिनं न बघताच विचारलं, “काय लिवलंय?”

“लाकडाचं. पाण्याचं, मिठाचं.”

“आन् वढत हुते, ते न्हाय लिवलं?”

मी तिच्याकडे बघतच राहिले. ती म्हणाली, “असं काय बघतीस? धुणं कोण धुत हुतं? सदऱ्याच्या छातीवर राख पडून भोकं पडलेली, मीच रफू केलेली हायती.” मग तिचे हात थांबले. “मला एकच सांग. तू शिकलेली हायस, वही वाचलीयास. क्लबातलं चोरून वढत हुते का?”

अकरा वर्षं, आणि त्याआधीही किती कुणास ठाऊक, ती हे पोटात ठेवून होती. तुम्ही चोर असाल या भीतीनं तिनं तुम्हाला कधी विचारलंच नाही. आणि तिची ती भीती घालवायला माझ्याकडे एकच गोष्ट होती, जी मी साहेबापुढं उच्चारू शकले नव्हते.  मी म्हणाले, “चोरी नाही, आई. साहेब टाकून जायचे ती थोटकं. उष्टी.”

तव्यावरची भाकरी करपली तरी ती हलली नाही. मग म्हणाली, “म्हंजे चोर न्हवते.” पुन्हा म्हणाली, “चोर न्हवते तर.” आणि एकदम हसायला लागली, पदर तोंडाला लावून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. “लई शहाणा माणूस! मी परजातीच्या शेजारणीच्या घरी एक भांडं पाणी प्याले, तर दोन दिस बोलले न्हवते माझ्याशी. आन् सोता सायबाचं उष्टं!” मग करपलेली भाकरी तिनं स्वतःच्या ताटात घेतली आणि चवीनं खाल्ली. तिला इतकं हलकं झालेलं मी तुम्ही गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

इंग्रजी प्रत आता लिहून झाली आहे. ते पान त्यात नाही, घालणारही नाही. वही सकाळी क्लबाला परत जाईल, त्यामुळे हा पत्राचा कागद तिच्यात ठेवूनही उपयोग नाही. साहेबांच्या खणात पडून राहील. मी तो फाडून टाकीन बहुतेक. साहेबांशी खोटं बोलले याची लाज वाटते, पण ती मी सोसू शकते. दुसरी सोसवत नाही. गेल्या वर्षी आम्ही सहभोजन केलं, मी सगळ्या जातींच्या बायकांबरोबर एका पंगतीला जेवले, आणि वर उभं राहून बोलले की शिवाशीव, उष्टं-खरकटं हे सगळे मनाचे खेळ आहेत. टाळ्या मिळाल्या होत्या. अण्णा, आज क्लबातून परतताना मी रस्त्यातल्या नळाशी थांबले आणि चूळ भरली. एकदा नाही, तीनदा. मी तर नुसतं वाचलं होतं.