पुतळ्याचे कान

४ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू प्रत्येक वाक्याला नुसतं हो हो म्हणतेस आणि त्यातलं काहीच तुला ऐकू आलेलं नसतं, म्हणून हे पत्र.

बाबांच्या शाळेने त्यांचा अर्धपुतळा बसवायचं ठरवलंय. सैन्यात जाऊन लढाईत कामी आलेला शाळेचा एकच विद्यार्थी, त्यामुळे जागाही अगदी दारापाशीची. काम एका शिल्पकारबाईंकडे आहे. काल मी फोटो घेऊन त्यांच्याकडे गेले. तारांचा सांगाडा, ओल्या मातीचे गोळे, बाईंच्या नखांतसुद्धा माती. त्यांनी फोटो उजेडात धरला आणि विचारतच सुटल्या. बाजूने नाक कसं दिसायचं, गप्प बसल्यावर ओठ मिटलेले असायचे की किंचित उघडे, आणि कान कसे होते? आपल्याकडे तो एकच फोटो, समोरून काढलेला. अंडाकृती चौकटीत बसवताना कुणीतरी त्याच्या दोन्ही बाजू कातरल्या, त्यात कानही गेले.

मला एकाही प्रश्नाचं उत्तर देता येईना. आधी हसू आलं, मग स्वतःचाच राग आला. मी जन्मायच्या आधीच ते गेले. त्यांचं शौर्य मला पाठ आहे, सगळे तेच सांगतात. पण ते शिंकायचे कसे, हे कुणी सांगत नाही. आईला विचारलं तर म्हणाली की फोटोत आहे तेवढं बघ, आणि वेळ झालेली नसताना दवाखान्यात औषधांच्या खिडकीवर कामाला निघून गेली.

तू त्यांची मोठी बहीण. आठवेल ते लिही, फालतू वाटलं तरी लिही.

लोभ आहेच, या वेळी त्यासोबत माहितीही हवी.

तुझी भाची

९ जानेवारी

चि. चौकशीबाईस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोस्टमनसमोरच फोडलं. म्हातारीच्या ऐकू न येण्याची चेष्टा केलीस, त्याचा हिशेब भेटीत होईल.

आता ऐक. तुझा बाप शिंकला की शेजारच्या घरातलं मांजर उठून जायचं. रेडिओ बिघडला की स्वतःच उघडायचा, दरवेळी दोन-चार स्क्रू उरायचे, ते खिशात टाकून शीळ वाजवत पसार व्हायचा. शीळ भयंकर. कुठलं गाणं आहे हे गाणं संपल्यावरही कळायचं नाही. आणि सुईला इतका घाबरायचा, की सैन्यात गेला तेव्हा मला लढाईपेक्षा इंजेक्शनांची काळजी जास्त होती. वेडीच मी. हे लिहिताना हसतेय आणि डोळे पुसतेय, दोन्ही एकदमच चाललंय.

नाक सरळ, आमच्या वडिलांसारखं. ओठ मिटलेले, पण उजवा कोपरा जरा वर, कारण डोक्यात कायम काहीतरी खोडी शिजत असायची. कानांचं एवढं काय? लहान, डोक्याला चिकटलेले, चारचौघांसारखे. बाईंना तेवढंच सांग, जास्त खोलात शिरू नकोस. पुतळा रुबाबदार झाला पाहिजे, रोज पोरं त्याच्यासमोरून जाणार आहेत.

आणि आईला कोपऱ्यात गाठून विचारत बसू नकोस. त्या दोघांच्या वाट्याला आला तो सुट्ट्यांपुरता संसार. तिच्याजवळ जे आहे ते तिचं तिच्याजवळ राहू दे.

ओरडते म्हणून माया कमी समजू नकोस.

तुझी आत्या

२ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मातीचं काम झालं. तू लिहिलंस तसंच नाक, तसाच ओठांचा कोपरा, कान अगदी नीटनेटके. मी भोवती फिरून फिरून पाहिलं. इतका देखणा माणूस आपल्या घरात कसा निपजला असा प्रश्न पडला, तू मनाला लावून घेऊ नकोस. पण खरं सांगू? बघून मला काहीच झालं नाही. कुणीतरी ओळख करून दिलेला परका माणूस असावा, तसं वाटलं.

बाईंची पद्धत अशी, की घरच्यांनी एकदा येऊन मातीचं काम बघायचं. माती ओली आहे तोवर काहीही बदलता येतं. एकदा प्लास्टरचा साचा घेतला, की आत असेल तोच चेहरा कायमचा. साचा पुढच्या आठवड्यात घेणार आहेत. तोवर ओलं फडकं गुंडाळून ठेवलंय.

आई येणार नाही म्हणते. मी भांडले. त्यावर ती जे बोलली ते ऐकून मी गार पडले. म्हणाली, तिला त्यांचा चेहरा आठवतच नाही. डोळे मिटले की फोटोच समोर येतो, चौकटीसकट. कित्येक वर्षं असंच चाललंय. लोकांना वाटतं हिने सगळं जपून ठेवलंय, आणि हिच्याजवळ तर काहीच उरलेलं नाही. बाईंनी बरोबर आहे ना असं विचारलं, तर काय सांगायचं? हे सगळं ती आवाज न चढवता, कपड्यांच्या घड्या घालता घालता बोलली.

मला वडील कसे होते एवढंच जाणून घ्यायचं होतं गं. तूच काहीतरी कर, तुझं ती ऐकते.

काळजीत असलेली,
भाची

५ फेब्रुवारी

चि. वहिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पोरीने सगळं लिहिलंय. तिच्यावर रागावू नकोस, तिच्या पोटात काही राहत नाही.

वहिनी, मला त्याचा आवाज आठवत नाही. शीळ आठवते, आवाज नाही. आजवर कुणाला सांगितलं नाही. आठवत नाही म्हणजे माया आटली असं थोडंच असतं?

बाईंना काही सांगू नकोस, विचारलं तर नुसती मान हलव. पण एकदा जाऊन समोर उभी राहा, नाहीतर ती शाळा टाळायला जन्मभर रस्ता बदलत राहशील. माझे गुडघे मला घराबाहेर पडू देत नाहीत, माझ्या वाटचंही बघून ये.

तुझी,
वन्सं म्हणून छळणारी

१० फेब्रुवारी

ती. वन्संस,
सा. न. वि. वि.

जाऊन आले. बाईंनी फडकं काढलं, मी बघितलं, आणि माझ्या तोंडून निघून गेलं की ह्यांचे कान कुठे गेले.

पोरगी म्हणाली, आत्याने लिहिले तसेच केलेत. तेव्हा मला हसू फुटलं ते आवरेचना. वन्सं, तुम्ही भावाला त्या सुपाएवढ्या कानांवरून सुपड्या म्हणून हाक मारायचात, हे मला लग्नाच्या आठवड्यातच कळलं होतं. शाळेतली पोरं हसतील म्हणून तुम्ही ते कान छाटलेत ना? पोरीला संशय यायला काही कारणच नव्हतं, तिचे कान माझ्यावर गेलेत.

मग मी सांगत गेले आणि बाई माती लावत गेल्या. कान बाहेर, अजून बाहेर, डावा उजव्यापेक्षा जास्त. नाकसुद्धा सरळ नव्हतं, ते तुमच्या वडिलांचं असेल. हे मला कुठून सुचत होतं कोण जाणे. कुणी विचारलं असतं तर एक अक्षर सांगता आलं नसतं. पण चुकीचं समोर आलं आणि कळलं, हे ते नव्हेत. म्हणजे माझ्याजवळ होते ना हे! इतकी वर्षं मी ह्यांना हरवून बसले असं समजत होते, आणि तुमच्या एका थापेने सापडले. पोरगी शेजारी उभी राहून रडत होती आणि अजून काय, अजून काय म्हणून मला भंडावत होती.

मुख्याध्यापकांनी टोपी घालता येईल का असं विचारलं. मी नाही म्हटलं. काल साचा घेतला, कानांसकट.

आज खिडकीवर औषधं देत असताना हे डोळ्यांसमोर उभे राहिले. गणवेशात नव्हे, बनियनवर. नळाखाली डोकं, साबण डोळ्यांत गेलेला, आणि टॉवेलसाठी मला हाका मारत होते. रांग खोळंबली, पण मी शेवटपर्यंत ऐकलं. तुम्हाला आठवत नाही म्हणालात तो आवाज माझ्याजवळ आहे, वन्सं. पत्रात घालून पाठवता येत नाही. गुडघ्यांचं काहीही करा, पण या.

माया अशीच असू द्या, थापा मात्र पुरे.

तुमची वहिनी