मांडी घालता येईल अशी बोट

अहो,

तुमचा फोन चार्जिंगलाच राह्यला, म्हणून ही चिठ्ठी फाटकाला लावून जाते. अंगणात ट्रॉलीवर बोट दिसेल. तुम्ही सांगितलेली निळ्या पट्ट्याची न्हाई, दुसरी. चिडायच्या आधी पुढचं वाचा.

दोन्ही फायबरच्या, दोन्ही पांढऱ्या, लांबी सारखी, इंजिनही तेच. विकणाऱ्यालाही धड फरक सांगता येईना. मंग मी आईंनाच दोन्हींत बसवून पाह्यलं. हो, आईंना! दादा आईंना एकटं ठेवून गेल्यापासून ज्या ओट्यावरसुद्धा येत नव्हत्या, त्या आज आपल्या स्वराच्या हट्टापायी गाडीत बसून दुकानापर्यंत आल्या.

तुमच्या निळ्या पट्टेवालीत एकेकाच्या खुर्च्या आहेत. आईंचे पाय लोंबकळले. म्हणाल्या, "दवाखान्यात नंबर लावून बसल्यावानी वाटतंय. उतरवा मला." दुसरीत मागं रुंद बाक आहे. तिथं त्यांनी चपला काढल्या, बराबर मांडी घातली आणि स्वराला विचारलं, "डबा कुठाय गं?"

तिथंच फैसला झाला. तुमची बोट कितीही पळो, पण घरचं माणूसच बसणार नसेल तर पळवायची कुणासाठी?

मी स्वराला घेऊन आईंच्या मापाचं लाइफ जॅकेट आणायला जालन्याला चाललेय. शेजारच्या पुष्पाकाकू आईंच्या सोबतीला आहेत. त्याही वर चढल्यात.

आईंचा चहा बोटीतच द्या. घरात चला म्हटलं, तर म्हणाल्या, "अंगद आला की धरणावर जायचंच हाय. मंग उतरू कशाला?"

शीतल